समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भरवशावर भोसरीत मशीन घ्यावं का?

भोसरीकर_फॅब

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. वडिलांनी काढलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पवनचक्कीच्या टॉवरच्या पोटात जे लोखंडी सामान बसतं ते आम्ही बनवतो: शिड्या, प्लॅटफॉर्म, रेलिंग, केबल ट्रे, ब्रॅकेट. टॉवरची कंपनी मोठी, आम्ही तिचे जॉबवर्कवाले. पूर्वी माल सातारा-धुळ्याकडे जायचा, हल्ली बहुतेक गुजरात नाहीतर कर्नाटक. काम आहे, पण त्याला ताल नाही. ऑर्डर आली की गुरुवारची सुट्टीसुद्धा मिळत नाही, आणि संपली की शेडमध्ये पोरं मोबाईल बघत बसलेली.

आता मुद्द्यावर येतो. जाड प्लेट वाकवायचं रोलिंग मशीन, सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगचा सेट आणि वीस टनी क्रेन, सगळं मिळून सव्वातीन कोटींचं कोटेशन टेबलावर पडलंय. मशीन विकणारा लॅपटॉप घेऊनच आला होता. त्यात सरकारी आकडे: २०३० पर्यंत समुद्रात ३७ गिगावॅट, गुजरात-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत ७० गिगावॅटची क्षमता, केंद्राचं साडेसात हजार कोटींचं पाठबळ. ‘शेठ, आत्ता मशीन लावलंत तर पहिल्या पंगतीला बसाल,’ म्हणाला. बँकेचा माणूस तर कर्ज द्यायला आमच्याहून उतावीळ. भाऊ राजी आहे. वडील सगळं ऐकून एवढंच म्हणाले, ‘समुद्रात अजून एक खांब नाही. तुम्ही शिडी लावणार कशाला?’

तर जाणकारांनी सांगा. हे खरंच होणार आहे का, झालं तर साधारण कधी, आणि त्यातलं काम भोसरीपर्यंत पोचेल का? आपल्या कोकणाचं नाव कुठल्याच यादीत दिसत नाही, ते का? शेवटचा प्रश्न भाचीचा. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला समुद्राच्या लाटांपासून वीज या विषयावर प्रोजेक्ट करायचंय. तिला हो म्हणू की दुसरं काहीतरी बघ म्हणू?

चहा_कमी_साखर

सागरी पवन ऊर्जेचं धोरण २०१५ सालचं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची पहिली मीटिंगही २०१५ सालचीच. दोन्हीकडे तेव्हापासून नकाशे फार सुंदर येतायत. मशीन घेऊ नका.

खडकवासला_निवृत्त

वरच्या गृहस्थांचा निष्कर्ष ठीक आहे, पण कारण न सांगता दिलेला सल्ला बँकेच्या माणसासमोर टिकत नाही. म्हणून जरा लांबण लावतो. माझी नोकरी खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात झाली. बंदरं, लाटा, भरती-ओहोटी, गाळ, यांची मॉडेलं. पवनचक्की हा माझा विषय नव्हे, पण पवनचक्की ज्यात उभी करायची तो समुद्र आहे.

आधी तुमच्या वडिलांच्या वाक्याला छोटी पुरवणी. समुद्रात खांब आहेत. मुंबईपासून १६० किलोमीटरच्या आसपास, बॉम्बे हायवर, तेलाचे प्लॅटफॉर्म १९७० च्या दशकापासून उभे आहेत, आणि तिथलं पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. म्हणजे आपल्या लोकांना समुद्रात लोखंड रोवता येत नाही असं कोणी म्हणू नये. पवनचक्कीचा खांब मात्र नाही, हे खरं. ही पुरवणी लक्षात ठेवा, तुमच्या धंद्याशी तिचा संबंध आहे, पुढे येतो.

आता क्रम बघा. ऑक्टोबर २०१५ ला राष्ट्रीय धोरण अधिसूचित झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे काम सोपवलं. २०१७ च्या अखेरीस खंभातच्या आखातात, पिपावावच्या समोर, समुद्रात एक लायडार बसवला. हे यंत्र लेसरचे किरण वर सोडून पात्यांच्या उंचीवरचा वारा मोजतं. २०१८ मध्ये तिथल्या पहिल्या १,००० मेगावॅटसाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले, देशी-परदेशी बऱ्याच कंपन्यांनी नावं दिली. त्याच वर्षी उद्दिष्ट जाहीर झालं: २०२२ पर्यंत ५ गिगावॅट, २०३० पर्यंत ३०. २०२२ आलं आणि गेलं, समुद्रात शून्य. आणि समुद्रतळाची जागा कोणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या अटींवर मिळणार याचे नियम निघाले डिसेंबर २०२३ मध्ये. धोरणानंतर आठ वर्षांनी सातबाऱ्याचा नमुना ठरला. त्याआधी जाहीर झालेल्या कुठल्याही गिगावॅटवर एकाही बँकेनं पैसा लावला नसता, आणि लावलाही नाही.

हे फक्त दिल्लीच्या आळसामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मोजमापाला वेळ लागतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात वाढते. वारा सेकंदाला ८ मीटरऐवजी १० मीटर असेल तर ऊर्जा जवळपास दुप्पट; उलट ८ ऐवजी साडेसहाच निघाला तर जवळपास निम्मी. मोजण्यात थोडी चूक राहिली तर अख्ख्या प्रकल्पाचा हिशेब कोसळतो. म्हणून वर्षानुवर्षं मोजायचं. मग तळ. खंभातचं आखात म्हणजे गाळाचं भांडार आणि भरतीचं थैमान. आखाताच्या आतल्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक ११ मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते आणि उघडी पडते. पिपावावकडे फरक एवढा नाही, पण प्रवाह आहेच. अशा प्रवाहात खांब रोवला की पाणी त्याला वळसा घालताना बुडख्याशी भोवरे करतं आणि पायाभोवतीची वाळू उकरून नेतं. प्रयोगशाळेत काचेच्या कालव्यात हे डोळ्यांनी दिसतं. दोन बोटं जाडीची नळी उभी करून पाणी सोडलं की तिच्याभोवती वाटीएवढा खड्डा पडतो, आणि मग नवशिके इंजिनिअर एकदम गप्प होतात. आखातात तो खड्डा मोजायचा मीटरमध्ये. त्यासाठी पायाशी दगडांचा थर टाकावा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

वर चक्रीवादळं. मे २०२१ चं तौक्ते कोकणाला घासून वर गेलं आणि १७ मे रोजी उना-दीवच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. पिपावाव तिथून लांब नाही. युरोपच्या उत्तर समुद्रात चालणारं मशीन उचलून इथे लावता येत नाही, वादळाचा वारा धरून वेगळी रचना लागते.

आता तुमचं रोलिंग मशीन. समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया म्हणजे मोनोपाइल, जाड प्लेटचा प्रचंड मोठा पाइप. आजच्या मोठ्या टर्बाइनला त्याचा व्यास ८ ते १० मीटर लागतो आणि वजन हजार टनांच्या पुढे. जमिनीवरचा टॉवरच साडेचार मीटरच्या आत ठेवतात, कारण त्याहून मोठा पुलाखालून जात नाही. दहा मीटरचा पाइप भोसरीत बनवून नाशिक फाट्यापर्यंत तरी न्याल का? जगात कुठेही ही कामं धक्क्याला लागूनच होतात: प्लेट जहाजानं येते, पाइप जहाजानं जातो. केंद्राच्या योजनेत दोन बंदरं सुधारायला ६०० कोटी वेगळे काढलेत ते याचसाठी. तेव्हा सव्वातीन कोटींच्या मशीनवर तुम्ही जे वाकवाल ते समुद्रातल्या पायाचं नसेल. जमिनीवरचं किंवा बॉयलर-टाक्यांचं दुसरं काम हातात असेल तर त्याचा हिशेब स्वतंत्र करा. विकणाऱ्यानं लॅपटॉपमध्ये समुद्र दाखवला तो सोडून द्या.

कोकणाचं उत्तर त्या घनातच आहे. खोली अडवत नाही, आपला भूखंड मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, रुंद आहे. अडवतो तो वारा. जून ते ऑगस्ट सोडले तर कोकणासमोरचा वारा तमिळनाडूच्या टोकाच्या मानानं मवाळ. मन्नारच्या आखातात, कन्याकुमारी-धनुष्कोडीच्या बाजूला, देशातला सगळ्यात चांगला सागरी वारा आहे, त्याखालोखाल सौराष्ट्र. पहिल्या अभ्यासात गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी आठ पट्टे निवडले गेले ते त्यामुळे, राजकारणामुळे नव्हे. (राजकारण पुढे येतंच.) औंध रस्त्यावर महाऊर्जाचं कार्यालय आहे, पण समुद्रतळ भाडेपट्ट्यानं देणं हे केंद्राचं काम, तिथे विचारून फार काही हाती लागणार नाही.

आता भाची. तिला हो म्हणा, पण डोळे उघडे ठेवून. सागरी ऊर्जेतल्या सगळ्यांचा इतिहास तिनं आधी वाचावा. भरतीच्या विजेचं सर्वांत जुनं मोठं केंद्र फ्रान्सच्या ला राँस नदीच्या मुखाशी, १९६६ चं, २४० मेगावॅट, अजून चालू. दक्षिण कोरियाचं सिहवा २०११ चं, २५४ मेगावॅट. बस, मोठी म्हणावी अशी ही दोनच. आपल्याकडे भरतीची क्षमता कागदावर १२,४५५ मेगावॅट, त्यातली ७,००० खंभातमध्ये. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॅटचं केंद्र ठरलं होतं, खर्च बघून सोडून दिलं. कच्छच्या आखातात ५० मेगावॅटची घोषणा २०११ ला झाली, तिचंही तेच. कारण गूढ नाही. खाडीला बांध घालायचा, दारं बसवायची, मग गाळ साचतो. आणि वीज मिळते भरतीच्या वेळापत्रकानं, जे रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतं. महावितरणचा संध्याकाळचा भार चंद्राला विचारून वाढत नाही.

लाटांचं केंद्र आपल्याकडे चक्क १९९१ मध्ये झालं. केरळात विळिंजमला, १५० किलोवॅट, आयआयटी मद्रासच्या लोकांनी उभं केलेलं. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट चढते-उतरते, वरची हवा आत-बाहेर करते, त्या हवेवर टर्बाइन फिरतं. हवेची दिशा दर काही सेकंदांनी उलटते तरी टर्बाइन एकाच दिशेनं फिरत राहतं, ही त्यातली खरी गंमत, आणि भाचीच्या प्रोजेक्टसाठी सोन्यासारखा भाग. अडचण अशी की लाट कधी नुसती डुलते आणि पावसाळ्यात धडक मारते. पेटी धडकेसाठी बांधायची आणि वीज डुलण्यातून काढायची, त्यात पैसा जातो. कोकण किनाऱ्यावरही तेच आहे: वर्षभराची सरासरी लाट किरकोळ, जुलैतली तिच्या कितीतरी पट.

आणि तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पृष्ठभागाचं पाणी २८ अंश, हजार मीटर खाली ७-८ अंश. या फरकावर वीज काढायची. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं ‘सागर शक्ती’ नावाची १ मेगावॅटची तरंगती नौका तुतिकोरीनसमोर नेली होती. नौका तयार, टर्बाइन तयार, पण हजार मीटर लांबीचा थंड पाण्याचा पाइप समुद्रात सोडताना हाती राहिला नाही. विषय संपला असं वाटलं. त्याच लोकांनी ते ज्ञान उचलून २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्तीला वेगळंच केलं: साडेतीनशे-चारशे मीटर खालून थंड पाणी आणायचं, कमी दाबाखाली वरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि ती त्या थंडाव्यानं निववायची. रोज एक लाख लिटर गोडं पाणी. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही झालं. भाचीला म्हणावं, मेगावॅटच्या मागे लागू नकोस. समुद्राच्या ऊर्जेला बेटावर, दीपस्तंभावर, बोयावर आज गिऱ्हाईक आहे. आयआयटी मद्रासनं २०२२ मध्ये तुतिकोरीनजवळ जे लाटेवरचं यंत्र तपासलं, त्याचं पहिलं लक्ष्य शंभर वॅट होतं. शंभर वॅट! पण तेवढ्यात समुद्रातला एखादा मोजमापाचा बोया चालतो.

कानेटकर_निविदावाले

काकांनी समुद्राचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. मी पुण्यातच एका अक्षय ऊर्जा कंपनीत निविदा विभागात आहे. दिवसभर सरकारी निविदांच्या पीडीएफ वाचतो, त्यामुळे या विषयावर बोलायची खाज आहे.

पहिलं म्हणजे ते ३७ गिगावॅट. तो २०३० पर्यंत निविदा काढण्याचा आराखडा आहे, पवनचक्क्या उभ्या करण्याचा नाही. विक्रेत्यानं ‘समुद्रात’ हा शब्द स्वतः घातलाय. निविदा निघण्यापासून पातं फिरेपर्यंत मध्ये सर्वेक्षण, परवानग्या, कर्ज आणि बांधकाम. पश्चिम किनाऱ्यावर बांधकाम ऑक्टोबर ते मे एवढंच, पावसाळ्यात जहाज उभंच राहत नाही. त्यात असे खांब रोवणारी खास जहाजं आपल्याकडे नाहीत, ती बाहेरून भाड्यानं आणायची. भाडं दिवसावर असतं, पाऊस लवकर आला तरी चालूच.

दुसरं, अनुदान. १९ जून २०२४ ला मंत्रिमंडळानं ७,४५३ कोटी मंजूर केले. त्यातले ६०० कोटी बंदरांचे, उरलेले ६,८५३ कोटी एकूण १,००० मेगावॅटसाठी, ५०० गुजरात आणि ५०० तमिळनाडू. मेगावॅटमागे ६.८५ कोटी. ऐकायला डोळे फिरतात. आता सरकारचाच अंदाज घ्या, वर्षाला ३७२ कोटी युनिट. २५ वर्षांत ९,३०० कोटी युनिट. भागाकार केला की युनिटमागे चौऱ्याहत्तर पैसे. सौर वीज निविदांमध्ये अडीच रुपयांच्या आसपास मिळते. समुद्रातल्या विजेचा भाव या चौऱ्याहत्तर पैशांनी तिच्या शेजारी येऊन बसत नाही. समुद्रातलं सबस्टेशन आणि केबल पॉवरग्रिडनं टाकायची आहे, तो भार विकासकावर नाही, तरीसुद्धा.

मग घडलं ते असं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेकीनं, म्हणजे केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळानं, तमिळनाडूसमोर ४ गिगावॅटची निविदा काढली. तिला अनुदान नव्हतं. समुद्रतळ घ्या, वीज बनवा, गिऱ्हाईक स्वतः शोधा. सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या अनुदानवाल्या ५०० मेगावॅटची. मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि २०२५ मध्ये दोन्ही रद्द. एवढी शोधाशोध करून शेवटी प्रश्न तोच राहिला की ही वीज कुठली वितरण कंपनी, किती रुपयांना, किती वर्षं घेणार.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ब्रिटनसारख्या मुरलेल्या देशात सप्टेंबर २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवन ऊर्जेसाठी एकही बोली आली नाही, कारण सरकारनं कमाल भाव मेगावॅट-तासाला (हजार युनिटला) ४४ पौंडांवर अडकवून ठेवला होता. पुढच्या फेरीला तो ७३ केला, बोल्या आल्या. डेन्मार्कनं तर १९९१ मध्ये विंडेबीला जगातली पहिली सागरी पवनचक्क्यांची रांग उभी केली, ११ यंत्रं, सगळी मिळून ५ मेगावॅटही नाही. त्याच डेन्मार्कच्या ३ गिगावॅटच्या लिलावाकडे डिसेंबर २०२४ मध्ये कोणी फिरकलं नाही. तिथेही अट होती, अनुदान मिळणार नाही. भाव हललाच नाही तर कोणाचंच हलत नाही, मग सरकार कोणतंही असो.

भोसरीकर, तुमच्या ‘कधी’ला माझं उत्तर: आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी सागरी पवन प्रकल्पांना ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत सुरू होणाऱ्यांसाठी दिलेली आहे. सरकारनं स्वतःला दिलेली मुदतच २०३२ असेल तर तुमच्या कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो ते बघा.

अजून एक, कारण बरेच जण सागरी वाऱ्याला सौरचा जोडीदार म्हणतात. पावसाळ्यात सौर कमी आणि वारा जास्त, हे बरोबर. पण महाराष्ट्रात पावसाळ्यात शेतीपंप बंद, मागणी खाली, आणि जमिनीवरच्या पवनचक्क्याही त्याच महिन्यांत जोरात. जुलैतलं महाग युनिट आपल्या वितरण कंपनीला विकायला गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही.

हर्णैची_पोर

मी मूळची हर्णैची, आता कर्वेनगरला असते. वरच्या सगळ्या चर्चेत समुद्र रिकामा आहे. लाटा आहेत, वारा आहे, गाळ आहे, माणूस कुठेच नाही, म्हणून लिहिते.

पिपावावच्या शेजारी जाफराबाद आहे. बोंबलाचं मोठं बंदर, डोलवाल्यांचं. डोल जाळं ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते: हे जाळं ओढत फिरवायचं नसतं. प्रवाहाच्या तोंडाला ठरलेल्या जागी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटी मासा आत आणून देते. म्हणजे ट्रॉलरवाल्याला ‘दोन मैल बाजूला जा’ म्हणता येतं, डोलवाल्याला नाही. जागा गेली की धंदा गेला. आमच्याकडेही पालघर-वसईपासून खाली अशाच पिढीजात जागा आहेत, कागद कुठलाच नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानं समुद्रातल्या बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षा पट्टा आखता येतो. शंभर खांब असतील तर पट्टे जोडत जोडत किती समुद्र होतो ते काकांनीच सांगावं. आणि हे सगळीकडे सारखं नाही. ब्रिटन पवनचक्क्यांच्या मधून मासेमारी करू देतो, बेल्जियम देत नाही. आपल्याकडे काय असणार ते निविदा निघायच्या आधी लिहून ठेवलं पाहिजे, खांब रोवल्यावर समिती नेमून नाही.

कानेटकर, तुम्ही १९ जून २०२४ म्हणालात. त्याच बैठकीत वाढवण बंदर मंजूर झालं, ७६ हजार कोटींचं. डहाणूच्या बायका कित्येक वर्षं त्याच्या विरोधात रस्त्यावर होत्या. त्यामुळे ‘सागरी’ म्हणून कुठलीही योजना आली की किनाऱ्यावरचा माणूस आधी हात छातीवर ठेवतो.

मी विरोधात आहे असं समजू नका. बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, आमच्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि नेमका तेव्हाच वारा सगळ्यात जास्त. त्या दिवसांत देखभालीची बोट, पहारा, मोजमाप, असलं काम गावातल्या पोरांना मिळालं तर मी पहिली हो म्हणेन. पण ते अटींमध्ये यायला हवं.

खडकवासला_निवृत्त

हर्णैताई, हिशेब देतो. ५०० मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरला थोडं जास्त, शंभर खांबांचे सुमारे ७८. पण खांबांमधलं अंतर एक-दीड किलोमीटर असतं, त्यामुळे वर्तुळांच्या मध्ये ज्या फटी उरतात त्यांत डोल काय लावणार? प्रत्यक्षात अख्खा पट्टाच गेल्यासारखा धरावा लागेल. शिवाय केबल. ती किनाऱ्याला जिथे वर येते तिथे किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते आणि पुरलेल्या केबलवर नांगर टाकता येत नाही, हे फार कमी लोक बोलतात. तुमचा मुद्दा लेखी हरकतीत जाण्यासारखा आहे.

भोसरीकर_फॅब

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रिंट काढून वडिलांना दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि भावाकडे नुसतं बघितलं.

रोलिंग मशीनचं तूर्त रद्द करतोय. मोनोपाइल नाशिक फाट्यावरून जात नाही, हे आम्हाला कोटेशनच्या पहिल्या पानावरच सुचायला हवं होतं असं भाऊ आता म्हणतोय, मी काही बोलत नाही. भाचीनं मात्र ते दोन्ही बाजूंच्या हवेवर एकाच दिशेनं फिरणारं टर्बाइन पकडलंय. आमच्याकडे तीनशे मिलिमीटरचं मॉडेल कापून मिळेल का विचारत होती. मिळेल म्हणालो, लेझर कटिंग शेजारच्याच गाळ्यात आहे.

एक गोष्ट राहिली. काका, तुम्ही बॉम्बे हायची पुरवणी लक्षात ठेवा म्हणालात आणि पुढे येतो म्हणून आलाच नाहीत. त्याचा धंद्याशी काय संबंध?

खडकवासला_निवृत्त

खरंय, लांबण लावण्याच्या नादात राहिलं. सांगायचं ते हे. पाया धक्क्यावर बनतो, पण त्या पायावर जे बसतं ते बरंचसं तुमचंच सामान: शिडी, ग्रेटिंग, रेलिंग, प्लॅटफॉर्म, होडी लागायची चौकट. हे कंटेनरमध्ये मावतं, म्हणजे भोसरीतून जातं. आणि हेच सामान तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आजही लागतं. हजिऱ्याला आणि मुंबईजवळ न्हाव्याला असे प्लॅटफॉर्म बनवणारी यार्डं आहेत. पवनचक्क्या २०३२ ला येवोत की २०४० ला, ती कामं थांबलेली नाहीत. समुद्रात चालणारा माल बनवता येतो हे तिथे सिद्ध केलंत तर पुढे पवनवाले स्वतः विचारत येतील.

भोसरीकर_फॅब

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण आमचा माल गॅल्वनाइज करून जातो. समुद्रासाठी तेवढं पुरतं का, की रंगाचं वेगळं काही लागतं?

कानेटकर_निविदावाले

पुरत नाही. निविदांमध्ये रंगासाठी आयएसओ १२९४४ चा नववा भाग लिहिलेला असतो, समुद्रातल्या बांधकामाचा वर्ग ‘सीएक्स’. त्यात ब्लास्टिंग किती, पृष्ठभागावर मीठ किती चालेल, थर किती, सगळं मोजून कागदावर द्यावं लागतं. वेल्डिंगसाठी आयएसओ ३८३४. तुमच्याकडे वेल्डरच्या चाचण्यांचे कागद नीट असतील तर दुसरं फार अवघड नाही. रंगाचं मात्र शेडमध्ये दार उघडं ठेवून जमणार नाही, आर्द्रता मोजणारी बंद खोली लागते. कोपरे आणि वेल्डच्या कडा आधी गोल घासून घ्याव्या लागतात, नाहीतर रंग कडेवर पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सव्वातीन कोटींच्या मानानं हा खर्च बराच कमी येईल. सुरुवातीला रंगाचं काम बाहेर देऊन फक्त वेल्डिंगचं प्रमाणपत्र काढा. चाकणच्या बाजूला असे ब्लास्टिंगवाले आहेत, फक्त कोटेशन मागताना ‘सीएक्स’ लिहूनच मागा, तोंडी सांगितलंत तर नेहमीचा इपॉक्सी मारून पाठवतील.

भोसरीकर_फॅब

गुरुवारी जाऊन येतो.